‘शेठ, कुत्र्यासाठी काही आहे का?’

२२ जून २०२४, शनिवार. देवपूर

काल वटपौर्णिमा उरकली. आज दुकानात पुन्हा नेहमीचं गिऱ्हाईक. पाऊस अजून नीट पडलेला नाही, पण गोचिडांनी मुहूर्त साधलाय. सकाळपासून जो येतो तो कुत्र्यासाठीच काही मागतो.

दुकान काष्ठौषधीचं, वडिलांनी घातलेलं. हिरडा, बेहडा, वावडिंग, कुटकी, माजूफळ, डिकेमाली. त्यांच्या वेळी जनावर म्हणजे बैल, गाय, म्हैस, फार तर शेळी. कुत्रं दारात असायचं, भाकरी खायचं. त्याच्यासाठी औषध न्यायला कोणी पायरी चढत नसे. आता गोंदूर रोडकडच्या कॉलन्यांत लॅब्रेडॉर आले, पग आले, पर्शियन मांजरं आली. मालक शिकलेले. म्हणतात, ‘केमिकल नको काका, काहीतरी आयुर्वेदिक द्या.’

करंज तेल देतो, वेखंड देतो. कडुनिंबाचा पाला विकायची वस्तू नाही, तो झाडावरून घ्या म्हणतो. पण त्याच्याबरोबर दोन वाक्यं सांगायची असतात, तेवढं थांबायला कोणाला वेळ नाही. गोचिडाची मादी रक्त पिऊन टच्च फुगली की कुत्र्यावरून खाली उतरते. भिंतीची भेग, उंबऱ्याखालची फट, कुंडीमागचा कोपरा धरते आणि हजारांनी अंडी घालते. पिल्लं निघाली की कुत्रं शोधतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. म्हणजे अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचा गोतावळा भिंतीत. कुत्र्याला रोज निंबाच्या पाण्याने न्हाऊ घाला, ओट्याच्या भेगा बुजवल्या नाहीत तर काय उपयोग? एका बाईंना म्हटलं, तेलाच्या बाटलीआधी गवंडी बोलवा. हसल्या आणि बाटली घेऊन गेल्या.

२५ जून, मंगळवार

कापडण्याचे एक शेतकरी निंबोळ्यांची चौकशी करायला आले. कपाशीसाठी ५ टक्के अर्क करायचाय. हिशेब तोंडपाठ: ५ किलो निंबोळी कुटायची, रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं, संध्याकाळी फवारायचं. मी विचारलं, घरच्या कुत्र्याला काय लावता? ‘तेच. अंदाजानं टाकतो बादलीत.’

कपाशीला मोजून आणि कुत्र्याला अंदाजानं! मला याचंच नवल वाटतं. पिकाच्या बाबतीत आपला शेतकरी औषधाची मात्रा, वेळ, पाण्याचं प्रमाण सगळं विचारतो. पाळलेल्या जिवाची वेळ आली की ‘झाडपालाच आहे, अपाय काय व्हायचाय’ म्हणून मोकळा होतो.

निंबोळीतलं अ‍ॅझाडिराक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची वाढ अडवतं, कात टाकू देत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गोचीड चालताना दिसले की माणूस म्हणतो, निंबात दम नाही, आणि दुप्पट ओततो. पातळ न केलेलं निंबतेल अंगभर चोपडलेली कुत्री मी पाहिली आहेत. कातडी लाल, जनावर लाळ गाळतंय, आणि मालक सांगतोय की शुद्ध आहे.

६ जुलै, शनिवार

याच तारखेला १८८५ साली पाश्चरने पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस दिली. पोरगं वाचलं. आज मला ते आठवायचं कारण वेगळं. दुपारी एक जण आला. मुलाला गल्लीतल्या कुत्र्याने चावलंय, ‘ते बांधायचं मूळ’ हवं. जखमेवर लाल तिखट भरलेलं होतंच.

मूळ दिलं नाही. दुकानामागच्या नळावर मुलाचा पाय धरला, साबण लावला आणि घड्याळात बघून पंधरा मिनिटं धार सोडली. पोरगा तिखटाने आधीच बेजार, त्यात साबण. गल्ली गोळा झाली. मग माझ्या मुलाला सांगितलं, गाडीवर बसव आणि सरकारी दवाखान्यात ने, लस सुरू करूनच परत या.

या एका रोगाच्या बाबतीत माझ्या दुकानातल्या एकाही बरणीला अर्थ नाही. लक्षणं सुरू झाली की माणूस जात नाही असं सहसा होत नाही, कुत्रंही तसंच. गावोगावी ‘झाडपाला देणारे’ आहेत. त्यांचे पेशंट वाचतात, कारण चावलेलं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. यश मात्र मुळाच्या नावावर जमा होतं. गोव्याने कुत्र्यांनाच गावोगाव जाळ्यात धरून लस टोचली. २०१७ नंतर काही वर्षं तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. आपल्याकडे अजून तिखट.

९ जुलै, मंगळवार

राजाने, आमच्या कुत्र्याने, काटेरी तारेत मांडी फाडून घेतली. घरात बातमी पोचायच्या आत सौ.ने हळद आणली. हळदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. वडील तेव्हा दुकानात वर्तमानपत्र घेऊन गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होते.

पण राजाची जखम खोल होती. ओरखडा असता तर मीच लावली असती. खोल जखमेत हळद ठासली की वरून पिवळी खपली धरते, आत पू झाला तरी कळत नाही. डॉक्टरला आधी ती खरवडून काढावी लागते आणि जनावर दुसऱ्यांदा ओरडतं. मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, स्वच्छ फडकं धरलं, दवाखान्यात नेलं. टाके पडले. गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. सौ. नाराज आहे, हळदीवर आणि माझ्यावर.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. शेजारच्या आजींनी राजाला उपवासाच्या ताटातले बेदाणे द्यायला हात पुढे केला, मी आडवा झालो. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक. कोणाला चार खाऊन होतं, कोणाला मूठभर खाऊन नाही, आधी सांगता येत नाही. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर. आजी म्हणाल्या, ‘पांडुरंगाचा प्रसाद बाधतो का कुठं?’ शेवटी राजाला उकडलेलं रताळं मिळालं. रताळं उपवासालाही चालतं आणि कुत्र्यालाही. सगळे खूश.

२८ जुलै, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. साक्रीकडचे एक ठेलारी आले होते. वाडा पावसाळ्यात गावाजवळ असतो, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात. वयाने माझ्याहून मोठे, मी बाबा म्हणतो. दरवर्षी डिकेमाली, कापूर, थोडा कात नेतात.

‘डिकेमाली शे का?’ एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. चहा मागवला. त्यांच्याबरोबर एक कुत्रा होता, लांबट, राखाडी, कानाची एक पाळी लांडग्याने नेलेली. कानामागे मोठी जखम, भरत आलेली. मी विचारलं तसं सांगू लागले. जखमेत आळ्या पडल्या होत्या. सीताफळाचा पाला दगडावर ठेचला, रस आणि चोथा दोन्ही जखमेत दाबले, वर फडकं बांधलं. आळ्या बाहेर आल्या. मग कडेने डिकेमाली लावली, तिच्या वासाने माशी बसत नाही. माशी बसली नाही तर नवी आळी पडत नाही.

हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, बापाकडून आलेलं. आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने जनावरांच्या घरगुती उपचारांची जी पुस्तिका काढली आहे, तीत जखमेच्या लेपाखाली तेच आहे: आळ्या असतील तर पहिल्या दिवशी सीताफळाच्या पाल्याचा लेप, नाहीतर कापूर घातलेलं खोबरेल, आणि त्यानंतर खोकली, लसूण, कडुनिंब, तुळस, मेंदी, हळद खोबरेलात उकळून. तामिळनाडूच्या पशुवैद्यांनी घरोघर फिरून, वापरून बघून हे नुस्खे बसवलेत. इकडे पुण्याच्या अंथ्रा संस्थेतल्या पशुवैद्य बायकांनी धनगर-आदिवासींकडून असंच ज्ञान टिपलं. कोणीतरी विचारलं, म्हणून ते कागदावर आलं.

मी बाबांना विचारलं, आणि पोटात काय देता कुत्र्याला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानदार नाहीच.

‘कुत्राले आम्ही काही पाजत नही. तो गवत खास, वकस, बरा व्हस. नही व्हयना त डाक्टर.’

मेंढ्यांना काय काय पाजतात ते मात्र बोटांवर मोजून सांगितलं. मेंढरू रवंथ करणारं, त्याच्या पोटात चार कप्पे, तिथे पाला जिरवणारे जंतू. कुत्र्याचं पोट मांसाचं. बाबांनी हे असं सांगितलं नाही, पण त्यांच्या वागण्यात ते होतं.

तंबाखूची गोष्ट निघाली. उवा-गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी मारायची जुनी रीत. बाबा म्हणाले, भावाने एका वर्षी कडक काढा केला आणि कोकरं थरथरून पडली. निकोटीन कातडीतून आत जातं. तेव्हापासून वाड्यात बंद.

जाताना त्यांनी डिकेमालीचा खडा नखाने उकलून वास घेतला, भेसळ नाही बघून मान हलवली आणि पैसे दिले. एवढं पारखणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दुकानामागे पावसाने खोकली माजली आहे. सकाळी उपटून ढीग केला, आणि गल्लीतली मांजरं कुठून आली कळलं नाही. मुळांवर लोळतायत, चाटतायत, डोळे अर्धे मिटलेले. या झाडाच्या मुळांचा मांजरांवर असा अंमल असतो हे ऐकून होतो, आज पाहिलं. केरळात तर झाडाचं नावच मांजराला भुलवणारं असं आहे.

पण मांजराला आवडतं म्हणून मांजराला झेपतं असं नाही. दुपारी समोरच्या सोसायटीतली मुलगी रडत आली. मांजराच्या अंगावर पिसवा झाल्या म्हणून तिने ऑनलाइन मागवलेलं कुठलंसं ‘शंभर टक्के हर्बल’ सुगंधी तेल मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं होतं. मांजर झोकांड्या खात होतं. भांड्याचा सौम्य साबण, कोमट पाणी, टॉवेल, आणि लगेच दवाखाना. तेल काय होतं ते डॉक्टरांना दाखवायला बाटली बरोबर दिली.

ठेलारीबाबांचा नियम कुत्र्याला पुरतो: लावा, पाजू नका. मांजराला तो पुरत नाही. मांजर दिवसाचा मोठा वेळ अंग चाटत असतं. अंगाला लावलेलं संध्याकाळपर्यंत पोटात. त्यात त्याच्या यकृताची घडण वेगळी. आपण आणि कुत्री पुष्कळशी औषधं, पुष्कळसे वनस्पतींचे तीव्र अंश ज्या एन्झाइमने बांधून बाहेर टाकतो, ते मांजरात फार तोकडं आहे. म्हणूनच माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. मांसावर जगलेलं जनावर. पिढ्यान्‌पिढ्या पाला पचवायची त्याला गरजच पडली नाही.

यापुढे मांजरासाठी दुकानातून काहीही देणार नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. मांजर सलाईनवर आहे, डोकं वर धरतंय.

११ ऑगस्ट, रविवार

घरी कानबाई देवी बसल्या. घरभर नैवेद्याच्या रोटांचा वास. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, त्यामुळे दरवर्षीचा वाद: राजा भाऊबंदकीत धरायचा की नाही? धाकट्या भावाचं मत, धरायचा. मोठ्या वहिनींचं, मुळीच नाही. निकाल लागायच्या आत राजाने पाटाखालून आपला वाटा घेतला. वहिनींनी कानावर हात ठेवले.

पाहुण्यांपैकी कोणीतरी त्याला शेवभाजीचा रस्सा घालत होतं, तेवढं अडवलं. कांदा-लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, वाळवल्याने तो गुण जात नाही. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास देऊ शकतो, मांजराला ५ ग्रॅम. खानदेशी रश्श्यात वाटण किती असतं ते सांगायला नको. आणि लोक मला विचारतात, गोचिडांसाठी रोज लसणाची पाकळी देऊ का!

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. बहीण-भाऊ, दोघंही शाळकरी, पिशवीतून पिल्लू घेऊन आले. गल्लीतलं, पांढरं-तपकिरी, पोट नगाऱ्यासारखं. ‘काका, जंताचं औषध. आजी म्हणाली वावडिंग नाहीतर कपिला आणा.’

आजी चुकीचं बोलल्या नव्हत्या. वावडिंग, पळसपापडी, कपिला ही जंतांवरची जुनी औषधं, कपिला तर खास चपट्या जंतांसाठी. पण किती? मी विचारलं, पिल्लू किती किलोचं? पोरं एकमेकांकडे बघू लागली. तराजूवर कागद टाकला आणि पिल्लू ठेवलं: २ किलो ४००, हलतं वजन धरून. कपिला भेदी आहे, जुलाब करते. एवढ्याशा पिल्लाचं पाणी गेलं तर ते जंतांआधी मरेल. वडिलांच्या वहीत बैलाचं माप आहे, माणसाचं आहे, पिल्लाचं नाही.

पोरांना सांगितलं, पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, मग दुधातून. म्हणून डॉक्टर लहानपणी पुन्हा पुन्हा औषध देतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळलं तर ते चपटे जंत, पिसवा गिळल्याने होतात. पिसवा राहिल्या तर औषध कोणतंही द्या, जंत परत. आणि हात धुवा, कारण हे जंत तुम्हालाही होतात. शेवटच्या वाक्याने काम झालं, भावाने हात लगेच पँटला पुसले.

पिसवांसाठी अंथरुणाखाली ठेवायला वेखंडाची पूड दिली. पुडीवर लिहिलं: वेखंड, फक्त अंथरुणाखाली, पिल्लू २ किलो ४००, तारीख. ‘ही पुडी डॉक्टरांना दाखवा.’

२४ ऑगस्ट, शनिवार

राजा दोन दिवस जेवला नाही. हिरड्या पांढुरक्या, पोटावर बारीक लाल ठिपके. गोचीडताप. काष्ठौषधीवाल्याचा कुत्रा म्हणून डॉक्टरांनी चिमटा काढलाच: ‘दुकानातलं काय काय देऊन आणलंत?’ काही नाही म्हटलं, तर विश्वास बसेना.

रक्त तपासलं, प्लेटलेट खूप उतरल्या आहेत. एर्लिकिया नावाचा जंतू, गोचिडातून येतो आणि पांढऱ्या पेशीत घर करतो. डॉक्सीसायक्लीन, जवळजवळ महिनाभर.

घरी येईपर्यंत तीन घरांतून पपईची पानं आली होती. डेंग्यूच्या साथीपासून पपईच्या पानावर देवपुराची श्रद्धा बसली आहे. मी डॉक्टरांना विचारलं होतंच. ते म्हणाले, आकडा थोडा वर येईलही, पण पानाने जंतू मरत नाही. त्यांना भीती वेगळ्याच गोष्टीची: आकडा वर आला की लोक गोळ्या बंद करतात, जंतू आत राहतो, काही महिन्यांनी नाकातून रक्त. आणि दुसरी तक्रार, पेशंट आणणारा आधी काय पाजलं ते लपवतो. ओरडा बसेल म्हणून. मग उलटी रोगाची की काढ्याची, हे त्यांनी ओळखायचं कसं?

म्हणाले, ‘तुमच्याकडून जातं ते तरी लिहून पाठवत जा.’ मी म्हटलं, सुरू केलंय.

पपईची पानं बकरीवाल्याला दिली.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा, आज खांदेमळणी. हळद संपली, पुन्हा गोणी फोडली. बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी. वर्षभर जू वाहिलेली कातडी मऊ होते. याला कोणाची हरकत नाही.

गर्दीत एक बाई गायीसाठी सामान न्यायला आल्या: कोरफड घरची आहे, हळद आणि चुना हवा. दगडीवरचा, म्हणजे कासेच्या सुजेवरचा, तो आता सगळीकडे पोचलेला लेप, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५०, चुना १५, गायीच्या कासेला. मोजून दिलं. निघता निघता म्हणाल्या, मांजर व्यालीय, तिचेही आचळ सुजलेत, तिलाही चोळू का थोडं? मी म्हटलं, माई, गायीची कास गाय चाटत नाही. मांजर चाटेल, आणि तिची पिल्लं चुना पितील. तिला दवाखान्यात न्या. ‘मांजराला दवाखाना?’ म्हणाल्या, पण बहुतेक नेतील. टोपली मागितली.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. दुपारपर्यंतच दुकान. राजाने सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, गोळी मात्र थुंकली. पेढ्यात घालून दिली.

बंद करता करता राखीची ती भावंडं पिल्लू घेऊन हजर. माझीच पुडी परत आणली, मागच्या बाजूला डॉक्टरांचं अक्षर: वेखंड अंथरुणाखाली चालेल, चाटू देऊ नका, पोटात काहीही नको, दुसरा डोस द्यायचा आहे, आजचं वजन लिहून पाठवा. दवाखान्यातला काटा बिघडलाय म्हणे.

तराजूवर नवा कागद टाकला. ३ किलो १००. बहिणीने आकडा दोनदा वाचून घेतला आणि पुडीवर स्वतःच्या हाताने लिहिला.